पावसाळी ट्रेक आणि कयाकसाठी डोक्यातून घालायचं वॉटरप्रूफ जॅकेट: २०,००० मिमीचं घ्यावं का?

प्रश्न थोडक्यात असा. राहणं मुंबईत. जून ते सप्टेंबर सह्याद्रीत ट्रेक, नोव्हेंबरपासून मांडवा-अलिबागकडे कयाक आणि लहान शिडाची होडी. दोन्हीकडे चालेल असं हलकं, डोक्यातून घालायचं एकच वॉटरप्रूफ जॅकेट हवं आहे. आधीच्या जॅकेटच्या टॅगवर १०,००० मिमी लिहिलं होतं, तरी कळसूबाईच्या माथ्यावर पोचेपर्यंत आतला टी-शर्ट पिळण्याइतका ओला झाला. दोन पावसाळ्यांनंतर ते आतून चिकट होऊन सोलायलाही लागलं. आता २०,००० मिमीचं घेतलं तर प्रश्न सुटेल का?

नाही सुटणार. टी-शर्ट बहुधा पावसाने भिजलेला नाही, घामाने भिजलेला आहे. मिमीचा आकडा दुप्पट केल्याने घाम बाहेर जात नाही. आपल्या हवेत जॅकेट निवडताना आधी त्याची तोंडं पाहायची: गळा किती उघडतो, बाजूंनी हवा कुठून येते, खालची कड किती घट्ट होते, मनगटं कशी बंद होतात. टॅगवरचे आकडे त्यानंतर.

तरी आधी खात्री करून घ्या, कारण गळती आणि घाम यांवरचे उपाय वेगळे आहेत. जुन्या जॅकेटच्या पाठीचा न सोललेला भाग बादलीवर झोळीसारखा सैल बांधा, कापडाची बाहेरची बाजू वर ठेवा, त्यात दोन मग पाणी ओता. बादलीच्या तळाशी वर्तमानपत्राचा कागद टाका. दोन तासांनी कागद कोरडा असेल तर कापड शाबूत आहे. मग तीच झोळी खांद्याची शिवण मध्ये येईल अशी बांधा आणि पुन्हा पाहा. अंगावरच्या खुणाही बोलक्या असतात. घामाचा ओलावा पाठ, छाती आणि कोपराच्या आतल्या बाजूला सारखा पसरलेला असतो. गळतीचा डाग एका जागेवरून सुरू होतो, बहुतेक वेळा खांद्याच्या शिवणीवरून, चेनच्या खालच्या टोकापाशी किंवा गळ्यातून छातीवर उतरणाऱ्या ओघळाच्या रूपात.

आता मिमीचा अर्थ. हे मिमी पावसाचे नव्हेत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला, म्हणून १,००० मिमीचं जॅकेट त्या दिवशी पुरलं असतं असा हिशोब करता येत नाही. टॅगवरचा आकडा म्हणजे कापडावर उभा केलेला पाण्याचा स्तंभ. तो किती उंच झाल्यावर कापडातून थेंब फुटतात, ती उंची. १०,००० मिमी म्हणजे १० मीटर पाण्याखालचा दाब. प्रत्यक्षात एवढा दाब कुठे येतो? १० किलोची सॅक पाठीवर आहे आणि दोन्ही पट्टे मिळून खांद्यावर १८० चौरस सेंटिमीटर जागा टेकली आहे असं धरलं, तर सरासरी दाब जेमतेम ५५० मिमीचा निघतो. पट्ट्याच्या कडेला, उड्या मारत उतरताना, तो चौपट झाला तरी २,२०० मिमी. कयाकमधून पाण्यात पडलात आणि छाती अर्धा मीटर खाली गेली, तर ५०० मिमी. गुडघा टेकून बसल्यावर मात्र निम्म्या वजनाचा भार ४० चौरस सेंटिमीटरवर येतो आणि दाब ७,००० च्या पुढे जातो. पण तो प्रश्न पँटचा आहे, जॅकेटचा नाही. नवं असताना १०,००० असलेलं कापड घासून, मळून, सॅकच्या पट्ट्यांखाली चुरगळून खाली येतं, म्हणून सुरुवात १०,००० पासून करावी. त्यापुढचे पैसे दुसरीकडे खर्च करावेत.

टॅगवरचा दुसरा आकडा, ग्रॅम प्रति चौरस मीटर प्रति २४ तास असा लिहिलेला, घामाची वाफ किती जाते ते सांगतो. त्यावर विसंबू नये याची दोन कारणं आहेत.

पहिलं कारण चाचणीचं. ती करायच्या पद्धती अनेक आहेत. सरळ ठेवलेल्या भांड्याची पद्धत कमी आकडा देते, उलट्या भांड्याची पद्धत त्याच कापडाला कितीतरी मोठा आकडा देते. टॅगवर पद्धत क्वचितच लिहिलेली असते, त्यामुळे एका कंपनीचे १५,००० आणि दुसऱ्या कंपनीचे १५,००० एकमेकांशेजारी ठेवून काही कळत नाही. ‘आरईटी’ नावाचा आकडा दिला असेल तर तो जास्त उपयोगी. तो वाफेला होणारा अडथळा मोजतो, म्हणून जितका लहान तितका चांगला. ६ च्या खाली उत्तम, २० च्या वर म्हणजे जवळपास प्लास्टिकच.

दुसरं कारण आपल्या हवेचं आहे आणि तेच खरं कारण. वॉटरप्रूफ कापडाच्या आतल्या पातळ पडद्यातून वाफ बाहेर जाते ती आतल्या आणि बाहेरच्या बाष्पदाबातल्या फरकामुळे. पंप कुठेच नसतो. ३५ अंशांच्या ओल्या त्वचेपाशी बाष्पदाब साधारण ५.६ किलोपास्कल असतो. लडाखसारख्या जागी, १० अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असताना, बाहेर तो ०.६ असतो, म्हणजे ५ चा फरक. जुलैत मुंबईत किंवा घाटाच्या पायथ्याशी २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असते, तेव्हा बाहेरचा दाब ३.४ असतो. फरक उरतो २.२. तेच जॅकेट, तोच टॅग, पण ढकलणारी शक्ती निम्म्याहून कमी. त्यात बाहेरचं कापड पाणी पिऊन काळवंडलं की वाफेला जायची वाट आणखी अरुंद होते.

घामाचं प्रमाणही पाहा. जॅकेट साधारण १ चौरस मीटर अंग झाकतं. १०,००० ग्रॅमचं कापड प्रयोगशाळेत तासाला सुमारे ४०० ग्रॅम वाफ सोडेल. सॅक घेऊन दमट हवेत चढणारा माणूस तासाला १ लिटर घाम सहज गाळतो. २०,००० चं घेतलं तरी कागदावर ८०० ग्रॅम, घाटात त्याच्या निम्मंसुद्धा नाही. उरलेला घाम टी-शर्टमध्येच राहतो. ‘गोर-टेक्स’ कापडाचे जनक बॉब गोर यांनी १९६९ मध्ये टेफ्लॉन झटक्यात ताणून सूक्ष्म छिद्रांचा पडदा मिळवला आणि १९७६ पासून त्याची जॅकेटं बाजारात आली. ते तंत्र खरोखर मोठं आहे, पण त्याची करामत थंड, कोरड्या हवेत दिसते.

आपल्याकडच्या शेतकऱ्याने हा प्रश्न कापडाच्या नव्हे, हवेच्या बाजूने सोडवला होता. भातलावणीच्या वेळी पाठीवर घ्यायचं इरलं आठवा. बांबूच्या कामट्या, वर पानांचं छप्पर, डोकं आणि पाठ पूर्ण झाकलेली, पुढची बाजू सताड उघडी. ओणवं राहून दिवसभर काम केलं तरी पाठ कोरडी, कारण इरलं अंगाला चिकटतच नाही, आतून हवा खेळत राहते. ट्रेकला इरलं नेता येत नाही, पण जॅकेटमध्ये शोधायची गोष्ट तीच.

डोक्यातून घालायच्या जॅकेटचे फायदे-तोटे इथेच येतात. ‘अनोराक’ हा शब्द ग्रीनलंडच्या भाषेतल्या ‘अन्नोराक’वरून आला. तिथले शिकारी कयाकमध्ये बसताना पुढून न उघडणारं कातडी वस्त्र घालत, कारण पुढची उघडी जागा म्हणजे पाण्याला वाट. आजही तेच. अर्धी चेन म्हणजे अर्धी गळती, वजन ५० ग्रॅमच्या आसपास कमी, आणि लाइफ जॅकेटखाली किंवा सॅकच्या कमरपट्ट्याखाली चेनची कडक घडी टोचत नाही. तोटा असा की अंग तापल्यावर पूर्ण उघडता येत नाही, आणि काढायला सॅक, टोपी, चष्मा सगळं उतरवावं लागतं. म्हणून गळ्याची चेन किमान २५ ते ३० सेंटिमीटर, छातीच्या हाडाच्या खालपर्यंत येणारी हवी. १५ सेंटिमीटरची शोभेची चेन असेल तर ते जॅकेट आपल्या हवेसाठी नाही. काही अनोराकना एका बाजूला कडेपासून काखेपर्यंत चेन असते. तसं मिळालं तर बाकी दोन गोष्टी कमी असल्या तरी तेच घ्या. चढताना ती बाजू उघडी टाकली की पाठीकडे हवा फिरते, आणि काढणं-घालणंही सोपं होतं.

‘वॉटरप्रूफ चेन’ हा शब्द मात्र जपून घ्या. वर रबरासारखा लेप असलेली उलटी चेन पाणी बऱ्यापैकी थोपवते, पूर्ण अडवत नाही. तिच्यामागे आतून कापडाची पट्टी आहे का, आणि वरच्या टोकाला रनर लपायला खोपा आहे का, ते पाहा. खोपा नसेल तर रनरपाशी नेमकं पाणी शिरतं आणि हनुवटीही घासते.

आता खालची कड. नाणेघाट, कोकणकडा, लोहगडाचा विंचूकाटा अशा ठिकाणी पाऊस वरून पडतोच असं नाही. दरीतून वर येणारा वारा पाण्याला खालून फेकतो. नाणेघाटात धबधबा उलटा उडतो त्याच वाऱ्याने. अशा जागी पॉन्चो तोंडावर येतो आणि सैल कडेचं जॅकेट फुग्यासारखं भरून पोटापर्यंत भिजवतं. कडेला दोरी आणि एका हाताने दाबता येणारा स्टॉपर हवा, आणि मागचा भाग बूड झाकेल इतका लांब हवा. मनगटाला नुसतं इलास्टिक पुरत नाही. रुंद वेल्क्रोचा पट्टा असावा, कारण दोर किंवा कडा धरायला हात वर केला की पाणी बाहीतून थेट काखेत जातं.

टोपीची परीक्षा दुकानातच होते. टोपी घाला, दोऱ्या ओढा आणि मान डावीकडे-उजवीकडे वळवा. टोपी मानेबरोबर वळली तर ठीक. डोळ्यांपुढे कापडच आलं तर कातळावर पाय ठेवताना बाजूचं दिसणार नाही. पुढे कडक छज्जा असावा, चष्मा लावणाऱ्यांसाठी तर हवाच.

कापडाबद्दल माझं मत ठाम आहे: आपल्याकडे फार पातळ घेऊ नका. १५-२० डेनियरची (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप), मुठीत मावणारी, १५० ग्रॅमची जॅकेटं युरोपातल्या मोकळ्या पायवाटांसाठी ठीक. इथे करवंदीच्या जाळ्या आणि घाणेरीची झुडपं आहेत. ४० ते ७० डेनियर, ३०० ते ४०० ग्रॅम वजन, हे आपलं माप. नायलॉन घासायला दणकट असतं, पण ओलं झाल्यावर थोडं सैलावतं. पॉलिएस्टर पाणी कमी पितं, लवकर वाळतं आणि उन्हातही जास्त टिकतं, म्हणून होडीसाठी ते बरं. आतली जाळीदार अस्तरं टाळा. दुकानात मऊ लागतात, पण ट्रेकला पाणी धरून बसतात आणि पावसाळ्यात दोन दिवस वाळत नाहीत. परवडत असेल तर तीन थरांचं घ्या, ज्यात आतून पातळ विणलेलं कापड पडद्याला चिकटवलेलं असतं. अडीच थरांच्या जॅकेटला आतून नुसती छापील नक्षी असते. ते हलकं आणि स्वस्त, पण उघड्या दंडाला चिकटतं, आणि घाम व तेल थेट लेपावर बसतं.

शिवणी उलट्या करून बघा. प्रत्येक शिवणीत सुईची शेकडो भोकं असतात. ती आतून टेपने झाकलेली हवीत, आणि सगळी हवीत. ‘महत्त्वाच्या शिवणी सील केलेल्या’ असं लिहिलं असेल तर फक्त खांदे आणि टोपी झाकलेली असतात, काख आणि कड उघडी. याच कारणासाठी असं जॅकेट शिंप्याकडे आखूड करायला देऊ नका. एक नवी शिवण म्हणजे नवी गळती.

मग एवढं करून घाम येणारच असेल तर घालायचंच कशाला? वाऱ्यासाठी. ओल्या कपड्यातलं १०० ग्रॅम पाणी अंगावर वाळायला सुमारे ५८ किलोकॅलरी उष्णता लागते, आणि ती शरीरातूनच जाते. गच्च जंगलात वारा नसताना हे जाणवत नाही. पठारावर, खिंडीत, माथ्यावर, जेवायला थांबल्यावर पाच मिनिटांत दात वाजायला लागतात, कारण वारा वाळवण्याचा वेग कितीतरी वाढवतो. जॅकेट वारा अडवतं, आत ओल असली तरी ती कोमट राहते. म्हणून पावसाळी ट्रेकची रीत अशी ठेवा. पायथ्यापासून चढताना, वारा नसेल तर, पातळ पॉलिएस्टरचा टी-शर्ट घालून सरळ भिजा. जॅकेट सॅकच्या अगदी वरच्या कप्प्यात. झाडी संपून उघड्यावर यायच्या आधी, अंग अजून गरम असतानाच, ते चढवा. थंडी वाजायला लागल्यावर घालणं म्हणजे उशीर. कोरडा टी-शर्ट जाड प्लास्टिकच्या पिशवीत तोंड पिळून बांधलेला असावा आणि तो मुक्कामी किंवा परतीच्या गाडीतच काढावा. सॅकच्या पावसाळी कव्हरवर भरवसा नको, पाठीकडून पाणी ओघळत आत येतंच. सुती टी-शर्ट मुळीच नको.

पाण्यातल्या वापराची गोष्ट वेगळी. मुंबईच्या किनाऱ्यावर समुद्राचं पाणी भर हिवाळ्यातही साधारण २४-२५ अंश असतं. थंड देशांतल्या कयाकवाल्यांसाठी बनवलेले पूर्ण कोरडे टॉप, गळ्याला आणि मनगटाला घट्ट लेटेक्सचे गळपट्टे असलेले, इथे नकोत. दुपारच्या उन्हात त्यात अंग धोक्याइतकं तापतं. शिवाय लेटेक्स उष्णता, ऊन आणि सनस्क्रीनने लवकर तडकतं. इथे शत्रू दोन: दुपारचे खारे वारे आणि त्यांनी उडवलेले तुषार. सकाळी मतलई वाऱ्यात पाणी शांत असतं. दुपारनंतर वारा फिरला की परतीची वल्ही वाऱ्याविरुद्ध मारावी लागतात, आणि भिजलेल्या अंगाला तोच वारा झोंबतो. त्यासाठी लागतं ते साधं तुषार-जॅकेट: निओप्रीनची (फोमसारख्या मऊ रबराची) वेल्क्रोने कमी-जास्त होणारी कॉलर, मनगटाला निओप्रीन किंवा रुंद वेल्क्रो, कमरेला रुंद इलास्टिक, आणि लांबी कमरेपर्यंतच. लांब जॅकेट बसल्यावर लाइफ जॅकेटखाली गोळा होतं आणि वल्हं फिरवताना पोटाशी अडकतं.

पाण्यावर टोपी नको. उलटलात की टोपीची बादली होते आणि मान मागे खेचते. टोपी असलेलंच असेल तर ती गुंडाळून पट्ट्याने कॉलरला पक्की बांधता आली पाहिजे. लोंबणाऱ्या दोऱ्या आत खोचा किंवा कापून टाका, त्या शिडाच्या दोरांत अडकतात. रंग नारिंगी, पिवळा किंवा झगझगीत हिरवा. बंदराचं पाणी गढूळ करडं असतं. त्यात निळं, काळं, करडं जॅकेट घातलेला माणूस शंभर मीटरवरूनही दिसेनासा होतो. या एका मुद्द्यावर तडजोड करू नका.

आणि लाइफ जॅकेट नेहमी वर, पावसाचं जॅकेट खाली. उलट घातलेलं अनेकदा दिसतं, कारण लाइफ जॅकेट भिजू नये असं वाटतं. हवेने फुगणारं लाइफ जॅकेट बंद जॅकेटखाली फुगलं तर छाती आवळून श्वास कोंडतो. फोमचं असेल तरी त्याचे पट्टे, शिट्टी आणि ओढायची पट्टी वाचवणाऱ्याच्या हाताला लागली पाहिजेत. याच कारणाने छातीवरचा मोठा कांगारू खिसा होडीत निरुपयोगी. तो लाइफ जॅकेटखाली जातो आणि पाणी साठवतो. ट्रेकला तोच खिसा कमरपट्ट्याच्या वर येत असेल तर नकाशा आणि फोनसाठी छान. होडीत वल्ह्याच्या दांड्यावरच्या रबरी चकत्या पात्यापासून एक वीत आत सरकवून ठेवा. बाहीत जाणारं निम्मं पाणी तिथेच गळून पडतं.

कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंगसाठी याहून जास्त काही लागत नाही. भिऱ्याच्या वीजनिर्मितीनंतर सोडलेल्या पाण्यावर ते चालतं, आणि तिथे जॅकेटपेक्षा हेल्मेट आणि नीट कसलेलं लाइफ जॅकेट महत्त्वाचं. समुद्रात मात्र जून ते ऑगस्टमध्ये कयाक काढूच नका. गेटवे-मांडवा लाँचसुद्धा त्या दिवसांत बंद असते. कोणतंही जॅकेट त्या लाटांवरचा उपाय नाही.

तर एकच घ्यायचं की दोन? दोन्ही छंद नियमित असतील तर एका महागड्यापेक्षा दोन साधी घ्या, हे माझं स्पष्ट मत. ट्रेकसाठी टोपीवालं, बूड झाकणारं. पाण्यासाठी बिनटोपीचं, कमरेइतकं. खारं पाणी आणि करवंदीचे काटे यांनी एकच कापड झिजवायचं कारण नाही. एकावरच भागवायचं असेल तर गुंडाळता येणारी टोपी, खोल गळा, वेल्क्रोची मनगटं, कडेला दोरी, ४० डेनियर आणि भडक रंग एवढं एकत्र मिळेल तेच. आणि माप घेताना आतून पातळ टी-शर्ट घालून दोन्ही हात पुढे ताणा, मग डोक्यावर न्या, मग वल्हं मारल्यासारखी कंबर वळवा. पाठीवर ताण आला किंवा मनगट उघडं पडलं तर एक माप मोठं.

चिकट होऊन सोलण्याचं कारण ठेवणीत आहे. आतला लेप पॉलियुरेथेनचा असतो. उष्णता आणि ओलावा मिळून त्याचे रेणू तोडतात. आधी आंबूस वास येतो, मग चिकटपणा, मग साल निघते. मुंबईत सप्टेंबरला जॅकेट गुंडाळून त्याच्याच पिशवीत कोंबलं आणि जूनला काढलं, तर नऊ महिने ही क्रिया चालूच राहते. जॅकेट कधीही पिशवीत ठेवू नका. ट्रेकहून आल्यावर त्याच रात्री पंख्याखाली रुंद हँगरवर, आधी आतली बाजू बाहेर काढून, मग सुलटं वाळवा. उन्हात नको. पूर्ण वाळल्यावर कपाटात टांगा, शेजारी सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, आणि पावसाळ्यात आठवड्याला एकदा बाहेर काढून हवा द्या, नाहीतर शिवणींवर बुरशी धरते.

समुद्रावरून आल्यावर आधी गोड्या पाण्याने धुणं. मीठ हवेतला ओलावा ओढतं, त्यामुळे न धुतलेलं जॅकेट कधी पूर्ण वाळतच नाही. चेनच्या दातांत मीठ साचलं तर रनर अडकतो. बादलीत दहा मिनिटं बुडवा, चेन उघड-बंद करा, वेल्क्रो जुन्या टूथब्रशने घासा, पाणी बदलून पुन्हा एकदा.

खरं धुणं मोसमात दोन-तीनदा. कॉलर आणि टोपीला लागलेलं खोबरेल, सनस्क्रीन, अंगाचं तेल यामुळेच पाण्याचे थेंब घरंगळायचे थांबतात. कापडाच्या बाहेरच्या बाजूला पाणी झटकणारा वेगळा लेप असतो. हल्लीचे बिनफ्लोरिनचे लेप पाणी झटकतात पण तेल झटकत नाहीत, म्हणून ते लवकर मळतात. ३० अंशांचं कोमट पाणी, वॉटरप्रूफ कपड्यांसाठीचा द्रव साबण, दोनदा खळबळणं. नेहमीची धुण्याची पावडर आणि फॅब्रिक सॉफ्टनर नको, त्यांचा अंश कापडावर राहून उलट पाणी ओढतो. मशीनमध्ये जोरात पिळू नका. वॉटरप्रूफ कापडात पाणी अडकून ड्रमचा तोल जातो आणि मशीन मोडू शकतं. हातानेही पिळू नका, टांगून निथळू द्या.

वाळल्यावर थेंब टाकून पाहा. घरंगळला तर काम झालं. पसरला तर लेबल परवानगी देत असेल तर मध्ये सुती कापड ठेवून, वाफ बंद करून, सर्वांत कमी उष्णतेवर इस्त्री फिरवा, एका जागी चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त नाही. उष्णतेने जुना लेप पुन्हा उभा राहतो. तरीही पसरला तर फवारायचा लेप आणा आणि ओलसर कापडावर खांदे, बाही, टोपी अशा क्रमाने मारा. पाण्यात मिसळायचा लेप आतूनही बसतो आणि घाम शोषण्यात अडथळा करतो, म्हणून फवाराच बरा.

काट्याचं भोक असेल तर दोन्ही बाजू स्पिरिटने पुसा आणि कापडाचं चिकट ठिगळ गोल कोपरे कापून लावा. भोकाच्या चहूबाजूंनी दीड-दोन सेंटिमीटर जास्त असावं, कारण चौकोनी कोपरा सॅकच्या पट्ट्याला घासून उचकटतो. अंगठ्याने एक मिनिट घासा, २४ तास पाण्यापासून लांब ठेवा. शिवणीची टेप थोडी उचकटली असेल तर खालचा जुना डिंक स्पिरिटने काढा आणि पॉलियुरेथेनचा शिवण-गोंद पातळ लावून रात्रभर ठेवा. कापड सिलिकॉनच्या लेपाचं असेल तर हा गोंद धरणार नाही, तिथे सिलिकॉनचाच लागतो. ओळखायला साधी सेलोटेप लावून पाहा. चिकटली नाही तर सिलिकॉन.

तुमचं सोललेलं जॅकेट आता वॉटरप्रूफ होणार नाही. लेप गेल्यावर वरून कितीही फवारलं तरी दाबाखाली पाणी आत येणारच. पण बाहेरचं विणलेलं कापड चांगलं असेल तर फेकू नका. कोमट साबणपाण्यात दोन-तीन तास भिजवून मऊ ब्रशने आतली साल पूर्ण काढा, पाणी गाळून टाका म्हणजे मोरी तुंबणार नाही, आणि शिवणींच्या लोंबणाऱ्या टेपा ओढून काढा. जे उरेल ते वाऱ्याचं जॅकेट: पातळ, वाफ सहज सोडणारं, वारा अडवणारं. जानेवारीत मांडव्याहून दुपारी परतताना, अंगावर तुषार कमी आणि वारा जास्त असताना, ते नव्या वॉटरप्रूफपेक्षा अंगाला बरं वाटेल. रंग भडक नसेल तर लाइफ जॅकेट तरी नारिंगी घ्या.